काळ्या चौकटींचा वर्ग

संध्याकाळचे सात वाजायला आले की अंबिका गॅस बंद करी. भात अर्धा शिजलेला असला तरी बंद. कुकरची शिट्टी फोनमधून वर्गात जाते आणि पोरं हसतात, हे तिनेच नवऱ्याला, कुशाबाला, सांगितलं होतं. मग ती पंखाही बंद करी. लालबागच्या चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची ती खोली. पंखा थांबला की श्रावणातला उकाडा अंगावर येऊन बसे आणि दिवसभर निवडलेल्या मिरच्यांचा ठसका घशात चढे. मिरच्यांची सुपं पलंगाखाली सारायची, दोरीवरचे कपडे काढायचे, टेबलावर पिठाचा डबा ठेवून त्याला फोन टेकवायचा. एवढं झालं की कुशाबा मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसे. खाली लुंगीच असे.

"ऐकू येतंय का सगळ्यांना?" तो विचारी.

फोनच्या काचेवर काळ्या चौकटी दिसत. चौकटीत नाव, नावाखाली काही नाही. कॅमेरा कोणी लावत नसे.

परळच्या एका रात्रशाळेत तो गणित शिकवायचा. दिवसभर हमाली, घरकाम, हॉटेलातलं काम उरकून संध्याकाळी शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांची ती शाळा. करोनाने तिला कुलूप लावलं. काही विद्यार्थी गावाला गेले, काही इथेच अडकले, आणि जून सरता सरता मुख्याध्यापकांचा निरोप आला की दहावीचा वर्ग फोनवरून घ्यायचा. त्यांची मुलगी आकांक्षा डोंबिवलीहून तासभर फोनवर समजावत होती, कुठलं बटण दाबायचं, वहीचं पान कॅमेऱ्यापुढे कसं धरायचं, आवाज कुठून चालू होतो. तेही अंबिकानेच ऐकून घेतलं. कुशाबा फोनवर बोलत नसे. कोणाचाही फोन आला की अंबिका उचले आणि म्हणे, "ते आंघोळीक गेलेत."

त्या दिवशी पायथागोरसचा धडा होता. कुशाबाने पानावर काटकोन त्रिकोण काढला, त्याच्या बाजूंवर चौरस काढले आणि पान कॅमेऱ्यापुढे धरलं.

"कर्णाचा वर्ग हा बाकीच्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका. आलं लक्षात?"

फोनमधून एका बाईचा आवाज आला, "सर, नाही कळलं. वर्ग म्हणजे तो चौरस का काढलाय बाजूवर?"

"छान," कुशाबा म्हणाला. "पुढे जाऊ."

कोणीतरी खुदकन हसलं. मोरीच्या उंबऱ्यावर बसलेल्या अंबिकाने मान खाली घातली. मिरच्यांची देठं मोडून तिची बोटं आत्ताही आगीसारखी होत होती. ती तिने ओल्या पदरात गुंडाळून धरली.

कुशाबाला ऐकू येत नव्हतं. अगदीच नाही असं नव्हे. आवाज येई, पण त्यातून शब्द सुटे होऊन येत नसत. तरुणपणी तो गिरणीच्या साच्याखात्यात होता. शेकडो मागांच्या खडखडाटात तिथे कोणी कोणाचं ऐकत नसे, एकमेकांचे ओठ बघून बोलत. दिवसा माग चालवून संध्याकाळी ह्याच रात्रशाळेत तो शिकला, पुढे मास्तर झाला. कान गिरणीतच गेले होते, पण ओठ वाचायची सवय बरोबर आली. त्या सवयीवर त्याने सगळी नोकरी काढली. "उभं राहा, माझ्याकडे बघा, तोंड उघडून बोला," असं तो प्रत्येक विद्यार्थ्याला सांगायचा. शाळेत त्याला शिस्तीचा मास्तर म्हणत.

अंबिकाला लग्नानंतर बरेच महिने कळलं नव्हतं. दिवा मालवला की हा माणूस बोलायचाच थांबे. ती अंधारात काही विचारी, तो गप्प. तिला वाटे, आपण आवडलो नाही. मग एकदा वीज गेली तेव्हा तिने मेणबत्ती आपल्या तोंडाजवळ धरून विचारलं, आणि त्याने पटकन उत्तर दिलं. त्यावर दोघंही कधी बोलली नाहीत. पण तेव्हापासून ती त्याच्याशी बोलताना आधी उजेडात येऊन उभी राहायची.

आकांक्षाने मागे कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ते घालून तो वर्गात गेला तर बाकांचे आवाज खिळे ठोकल्यासारखे डोक्यात शिरले. फोनजवळ नेलं तर ते शीळ घाली. खरं म्हणजे यंत्राची तारही त्याला सोसत नव्हती. पुढच्या वर्षी निवृत्ती होती. तोवर कोणी 'बहिरा मास्तर' म्हणू नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

वर्ग संपला. अंबिका टेबलासमोर दिव्याखाली येऊन उभी राहिली.

"चंपा विचारी होती, चौरस कित्याक काढलो म्हणान. तुमी छान म्हटलास."

कुशाबाने शर्टाची बटणं काढली. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. "उद्या सांगतंय तिका," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. भिंतीकडे तोंड केलं की कोणी त्याच्याशी बोलू शकत नसे.

आकांक्षाने मग दुसरी युक्ती काढली. बोललेलं लिहून दाखवणारं एक अ‍ॅप तिने अंबिकाच्या फोनवर घ्यायला लावलं. एका फोनवर वर्ग, दुसऱ्यावर अक्षरं. दोन संध्याकाळी तो प्रयोग चालला. कोणी 'समभुज त्रिकोण' म्हटलं की काचेवर उमटे 'संभाजी कोण'. शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवरच्या बातम्याही त्यातच मिसळत. कुशाबा चष्मा कपाळावर ढकलून वाचत राही आणि तोवर बोलणारा गप्प झालेला असे. चंपाला सांगतो म्हटलेलं राहूनच गेलं; तिने चौरसाचं आणखी दोनदा विचारलं, तेही असंच वाहून गेलं.

तिसऱ्या दिवशी अंबिका काही न बोलता टेबलाच्या पायाशी जाऊन बसली. हातात आकांक्षाची जुनी पाटी. फोनमधून कोणी बोललं की ती लिही आणि पाटी त्याच्या गुडघ्याशी वर धरी. सातवीपर्यंत शिकलेली बाई. 'पायथागोरस' तिने तीन तऱ्हांनी लिहिलं. पण कुशाबाला कळे. कॅमेऱ्यात फक्त तोच दिसे, ती टेबलाखाली पाय मुडपून बसलेली. तासाभरात तिच्या पायांना मुंग्या येत, कंबर लाकडासारखी होई. उठताना ती टेबलाचा पाय धरून उठे.

वर्ग सुधारला. धनेश नावाचा शिवडीच्या गोदामात माल चढवणारा मुलगा होता, तो एकदा म्हणाला, "सर, आता बरं वाटतंय. आधी तुम्ही आमचं ऐकतच नव्हते." अंबिकाने ते पाटीवर लिहिलं नाही. नुसतं 'बरं वाटतंय' एवढंच लिहिलं.

पण ती रोज बसू शकत नव्हती. तिचंही काम होतं. ह्या वर्षी मसाल्याचा मोसम टाळेबंदीतच गेला. आता बाजार अर्धवट उघडला, तेव्हा लोकांना उन्हाळ्यातला मसाला श्रावणात हवा झाला. अंबिका घरी मिरच्या निवडून, धणे-खोबरं भाजून ते सगळं गल्लीतल्या डंखाच्या गिरणीत कुटून आणायची. पाऊस जरा उघडला की गच्चीवर मिरच्या पसरायच्या, ढग आला की धावत जाऊन गोळा करायच्या. त्या शुक्रवारी डंखावर रांग लागली. आत दोघांनाच घेत होते. ती पिशव्या पायांशी घेऊन फुटपाथवर उभी राहिली. तोंडावरच्या मास्कमध्ये शिंका दाबत तिने समोरच्या दुकानातल्या घड्याळाकडे पाहिलं. वर्ग सुरू झाला असणार.

ती घरी आली तेव्हा कुशाबा खुशीत होता. त्याने स्वतः पंखा लावला होता आणि चहाचं आधणही ठेवलं होतं.

"आज बरो झालो वर्ग," तो म्हणाला. "चंपा आपणहून बोलली. बराच बोलली. मी शाब्बास म्हटलंय तिका."

"काय म्हणाली?"

तो चहाच्या भांड्यात बघत राहिला. तेवढ्यात फोनची काच उजळली. धनेशचा निरोप होता. कुशाबाने वाचला. पुन्हा वाचला. मग फोन तिच्या हातात देऊन तो पलंगावर बसला.

धनेशने लिहिलं होतं, "सर, चंपाताई म्हणाल्या मी उद्यापासून येणार नाही, शाळा सोडते. तुम्ही शाब्बास, फार छान म्हणालात. त्या रडत होत्या. असं नको होतं सर."

चहा उतू गेला. गॅस विझला तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही. मग वास आला तशी अंबिका उठली, बटण बंद केलं, ओटा पुसला आणि दिव्याखाली आली.

"तुमका ऐकाक येना नाय, ता सांगा त्येंका एकदा," ती म्हणाली.

"एक वर्ष रवला गे."

"वर्षात किती चंपा जातील?"

कुशाबाने मान वळवली नाही. तिचं बोलणं त्याला दिसलं होतं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. चंपाला फोन लावायलाही त्याला कोणाची तरी मदत लागणार होती. हातात फोन घेऊन तो बसला आणि खाली ठेवला.

सकाळी त्याने पायजमा-शर्ट चढवला. "शिवडीक जावन येतंय," म्हणाला. अंबिकाने निवडायला घेतलेले धणे तसेच ठेवले आणि चप्पल पायात सरकवली. लोकल तेव्हा सगळ्यांसाठी नव्हत्या, बसला दोन-दोन फेऱ्या वाट बघावी लागे. ती दोघं चालतच निघाली. काळाचौकीपर्यंत पाऊस लागला नाही, पुढे लागला. एकाच छत्रीत कुशाबा पुढे आणि ती अर्धी भिजत मागे. शिवडीला गोदामांच्या रांगेत ट्रक चिखलात रुतून उभे होते. खाडीकडून चिखलाचा आंबूस वास येत होता. कळवल्याप्रमाणे धनेश नाक्यावर उभा होता. त्याने घर लांबूनच दाखवलं आणि सरांच्या नजरेला नजर न देता कामावर निघून गेला.

चंपा दारातच भांडी घासत होती. चाळिशीला टेकलेली, सडसडीत बाई. दादरला तीन घरची कामं करायची, मार्चपासून कोणी बोलावलं नव्हतं. सरांना पाहताच तिने राखेचे हात मागे घेतले, पदर सावरला आणि मास्क नाकावर ओढला.

"सर, तुम्ही कशाला आलात," ती म्हणाली.

कुशाबाला तिचे फक्त डोळे दिसत होते. मास्क हलला, एवढंच त्याला कळलं. त्याने अंबिकाकडे पाहिलं. अंबिकाने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. छत्रीवरून पाणी गळत होतं.

"चंपा," तो म्हणाला, "मी लांब उभा राहतो. तू तो मास्क जरा खाली कर."

तिला कळेना. ती अंबिकाकडे बघू लागली.

"मला ऐकू येत नाही," कुशाबा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा लागला आणि शेजारच्या दारातली म्हातारी वळून पाहू लागली. "गिरणीत कान गेले. तोंड दिसलं तर कळतं. काल तू काय बोललीस, मला कळलं नव्हतं. मी उगाच शाब्बास म्हणालो."

चंपा तशीच उभी राहिली. मग तिने ओल्या मनगटाने मास्क हनुवटीखाली सारला. आता तिचे ओठ दिसत होते.

"सर, मी तीनदा विचारलं होतं," ती म्हणाली. "चौरसाचं. तुम्ही दरवेळी पुढे गेलात. मला वाटलं, हिला शिकवून काय होणार म्हणून सर सोडून देतात. पोरं हसायची. मग काल बोलले की जाते, तर तुम्ही शाब्बास म्हणालात."

कुशाबा सगळं वाचत होता. एकेक शब्द. त्याने मान हलवली.

"माझी चूक झाली," तो म्हणाला.

चंपाने दोघांना आत बोलावलं नाही. आत सासू खाटेवर होती आणि जागाही नव्हती. तिने पायरीवर बारदान टाकलं, त्यावर अंबिका बसली. चंपा मग अंबिकाशी बोलली. "काकी, मी वर्गाला त्या गोदामाच्या जिन्यावर बसते. घरात मुलाचा अभ्यास, सासूचं खोकणं. जिन्यावरून माणसं जातात, काहीबाही बोलतात. म्हणून मी कॅमेरा नाही लावत. सरांना काय दाखवू, गोणी?"

"आमच्याकडे मिरच्यांची सुपं पलंगाखाली लपवतो आम्ही," अंबिका म्हणाली. "आणि सरांनी खाली लुंगी घातलेली असते."

चंपाला हसू आलं, तिने ते दाबलं. पण ती परत येते असं काही म्हणाली नाही. "बघते," एवढंच म्हणाली.

 परतताना काळाचौकीला आल्यावर थांबून कुशाबाने छत्री अंबिकाच्या बाजूला केली. "सोमवारी सांगतंय," तो म्हणाला.

सोमवारी त्याने पंखा बंद करू दिला नाही. "माका काय फरक पडता," म्हणाला, आणि अंबिका पहिल्यांदा त्याच्या ह्या गोष्टीवर मोकळी हसली. वर्ग सुरू झाला तेव्हा चौकटींमध्ये एक नवीन नाव होतं, गौतम सर. मुख्याध्यापक. फोनवरचे वर्ग कसे चाललेत ते बघायला ते न सांगता येऊन बसत. अंबिकाने ते नाव बोटाने दाखवलं. कुशाबाचा हात शर्टाच्या कॉलरकडे गेला. क्षणभर तिला वाटलं, हा आता वहीचं पान उचलेल आणि त्रिकोण काढेल.

"धड्याच्या आधी एक सांगायचंय," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

त्याने गिरणीचं सांगितलं, साच्याखात्याचं सांगितलं. "तुम्हाला उभं करून बोलायला लावायचो, ती शिस्त नव्हती," तो म्हणाला. "मला ओठ दिसायला हवे असायचे. इथे तुमचे चेहरे नाहीत. तुम्ही विचारत राहिलात आणि मी आपला पुढे जात राहिलो. माझ्या बायकोने टेबलाखाली बसून तुमचं बोलणं लिहून दाखवलं, म्हणून गेले काही दिवस निभावलं. ज्यांना जमेल त्यांनी तोंड दाखवा. घर कसं आहे ते मी बघणार नाही. मला ओठच बघायचे असतात. ज्यांना नाही जमणार, त्यांनी लिहून पाठवा. मी थांबेन."

तो थांबला. चौकटी काळ्याच राहिल्या. एक चौकट गेली, म्हणजे कोणीतरी वर्ग सोडून निघून गेलं.  पंख्याच्या वाऱ्याने वहीची पानं उलटत होती, ती अंबिकाने हाताने दाबून धरली.

मग धनेशची चौकट उजळली. गोण्यांच्या थप्पीला पाठ लावून तो बसला होता, बनियनवर, कपाळाला धूळ. "सर, मी दिसतोय का?" त्याने तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर तोडून विचारलं.

"दिसतोयस. आणि इतकं ओरडल्यासारखं करू नकोस, नेहमीसारखा बोल," कुशाबा म्हणाला.

आणखी एक उजळली. हॉटेलच्या मागच्या गल्लीतला कोणी, डोक्याला फडकं बांधलेला. मग गावाहून एक, मागे गोठ्याचं दार. सगळे आले नाहीत. निम्म्याच्या वर चौकटी शेवटपर्यंत काळ्याच होत्या, पण त्यातल्या काहींनी लिहायला सुरुवात केली. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी अक्षरांत, कसंही. चंपाचं नाव यादीत नव्हतंच.

गौतम सरांची चौकट काळीच राहिली आणि तास संपायच्या आत गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. अंबिकाने उचलला, आणि आंघोळीचं काही सांगितलं नाही.

"वहिनी, एवढी वर्षं हे लपवलं?" ते म्हणाले.

"होय," ती म्हणाली.

"मला वर कळवावं लागेल. लवकर निवृत्ती घेतील का, विचारा त्यांना. सन्मानाने होईल सगळं."

"दहावीचा वर्ग पार पडू दे," अंबिका म्हणाली.  "मग काय ते करा. पोरं आता बोलायला लागलीत. आत्ता बदललात तर पुन्हा गप्प बसतील."

 "मार्चपर्यंत बघू," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तिने दिव्याखाली उभं राहून ते सगळं कुशाबाला जसंच्या तसं सांगितलं. लवकर निवृत्तीचं कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. मग त्याने ड्रॉवर उघडून कानाचं यंत्र काढलं, फडक्याने पुसलं, कानात घातलं, आणि वाकडं तोंड करून म्हणाला, "ह्यो पंखो इतको वाजता?"

त्या आठवड्यात चंपा आली नाही. अंबिका रोज नावं वाचायची आणि कुशाबा तिला काही विचारायचा नाही. पुढच्या सोमवारी वर्ग अर्धा झाल्यावर एक चौकट उघडली. आधी नुसता अंधार, मग जिना, लोखंडी कठडा, आणि कठड्याशी टेकलेली चंपा. मागून डोक्यावर गोणी घेतलेला एक माणूस वर चढला. त्याने वाकून फोनमध्ये पाहिलं. चंपा त्याच्याकडे वळून काही बोलली, तसा तो मुकाट्याने वर गेला.

"सर," ती म्हणाली, "तो चौरस."

कुशाबाने नवं पान घेतलं. त्रिकोण काढला. लहान बाजूवर चौरस काढला, दुसरीवर काढला, मग कर्णावर मोठा. तिन्हींत चौकोनी घरं पाडली, जमिनीवर फरशा बसवाव्यात तशी. "ह्या दोन्हींतल्या फरशा उचलल्या की त्या मोठ्या चौरसात बरोबर बसतात. एक उरत नाही, एक कमी पडत नाही." त्याने पेन्सिलीने एकेक घर मोजून दाखवलं. बोलताना त्याची नजर पानावरून पुन्हा पुन्हा फोनकडे जात होती. अंबिका टेबलापासून दूर, पलंगाच्या कडेला बसून मिरच्यांची देठं मोडत होती.

"आलं लक्षात?" त्याने विचारलं, आणि फोनच्या अगदी जवळ वाकला.

चंपाने थोडा वेळ पानाकडे बघितलं. मग तिने मान हलवली.

"नाही कळलं, सर," ती म्हणाली.

कुशाबाने ते तिच्या ओठांवरून नीट वाचलं. त्याने पान उलटलं, पेन्सिलीला टोक केलं, आणि पहिल्या रेघेपासून पुन्हा सुरुवात केली.